बिनतळाचा डबा

माझ्या नवऱ्याच्या बुडाखाली देवाने खिळा ठोकून ठेवलाय, असं माझी सासू म्हणायची. ती आई असून असं म्हणायची, मग मी बायको असून बावीस वर्षांत काय काय म्हटलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

हे माळे भरतात. म्हणजे छप्पर आणि खालचं छत यांच्यामध्ये जी पोकळी असते ना, तिथे शिरून वाशांच्या खालून चंदेरी कागद ठोकायचा आणि छताच्या पाठीवर वीतभर जाडीचा कागदाचा भुगा पसरायचा. भुग्याला बोरिक लावलेलं असतं, त्यामुळे तो सहजासहजी पेटत नाही. उन्हाने तापलेलं छप्पर संध्याकाळपर्यंत खालच्या खोल्यांवर आग ओकत असतं, ती आग वरच्या वर अडवायची, एवढंच काम. लोक म्हणतात, अहो, पांघरूण तर थंडीत घालतात, आमचं घर आधीच भट्टी झालंय. त्यावर ह्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं, "बर्फाला गोणपाट गुंडाळता, तो काय बर्फाला थंडी वाजते म्हणून?" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी पुरं करते.

गल्लीत ह्यांना सगळे 'वरबघे' म्हणतात. कुणाच्याही घरी गेले की आधी मान वर. यजमान पाण्याचा पेला पुढे करतोय आणि हे छताकडे बघत उभे. एकदा दाढ काढायला गेले, खुर्चीत आडवे केले, तोंडात ती सगळी हत्यारं, आणि ह्यांचं बोट वर. डॉक्टर घाबरले, म्हणाले दुखतंय का? हत्यारं बाहेर काढली तर हे म्हणतात, तुमच्या ह्या कोपऱ्यात वर काहीच घातलेलं नाही, दुपारी इथे बसवत नसेल. खरंच बसवत नव्हतं. ते काम ह्यांनाच मिळालं, दाढ मात्र पुढच्या आठवड्यात निघाली.

पण काम संपलं म्हणजे संपलं, असं ह्या माणसाचं कधी झालंच नाही. वळचणीला हवा जायच्या झरोक्यांवर भुगा सरकला तर नसेल? वायर उघडी राहिली नसेल ना? जेवता जेवता घास हातात तसाच राहतो, आणि मग उठून टोपी डोक्यावर. "जरा बघून येतो." मी म्हणायची, एकदा बघितलंय ना, मग पुन्हा कशाला? तोवर जिन्यावर पावलं वाजायची. अशा अकरा फेऱ्या तर मला नीट आठवतात, आणि अकराही फुकट. सगळं जिथल्या तिथे असायचं. हे घरी येऊन गार पाणी पीत म्हणायचे, "ठीक आहे सगळं," जणू मीच शंका काढली होती.

आता डब्यांविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. मी पत्रेवाल्याची मुलगी. छतात बसवलेले जे दिवे असतात, त्यांची पाठ माळ्यात वर आलेली असते आणि ती चांगलीच तापते. भुगा तिला चिकटला तर करपतो, आणि एकदा धुमसायला लागला की त्या बोरिकचं फार काही चालत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याभोवती पत्र्याचा बिनतळाचा डबा उभा करायचा, चार बोटं मोकळी जागा ठेवून, आणि मग बाहेरून भुगा पसरायचा. हे डबे ह्यांनी पहिल्यांदा माझ्या वडिलांकडूनच करून घेतले. वडील म्हणायचे, हा गडी चार डबे न्यायला येतो आणि पाच वेळा मोजतो, एक तर वेडा आहे नाहीतर तुझ्यासाठी येतो. दोन्ही खरं निघालं. वडील गेल्यापासून डबे मीच करते, आमच्या मागच्या पडवीत.

ह्या उन्हाळ्यात, तीन आठवड्यांपूर्वी, हे एका माळ्यावरून उतरले आणि शिडीच्या तळाशी बसूनच राहिले. घराचा पत्ता विचारला तर सांगता येईना. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं की सकाळी दहानंतर ह्यांना वर चढू द्यायचं नाही, पुढच्या वेळी कदाचित उतरणार नाहीत. मी तेव्हापासून घड्याळ आणि नवरा दोघांवर नजर ठेवून होते. पहाटे पाचला जायचे, नऊला परत. शिवणबाईंचं घर त्याच पद्धतीने चार सकाळींत पुरं केलं.

शिवणबाई म्हणजे शाळेचे गणवेश शिवतात त्या. घरात त्या आणि अंथरुणाला खिळलेली त्यांची आई, दोघीच. म्हातारीच्या खोलीत दुपारी पाय ठेवता येत नव्हता, म्हणून हे काम. सात दिवे, सात डबे. मीच मोजून पिशवीत घातले होते.

काम संपून दोन दिवस झाले होते. सुट्टीचा दिवस, दुपारचे दोन. मी ताटं उचलत होते आणि हे पडवीत पिशवी झाडत बसले होते. झाडायचा आवाज थांबला. मी बाहेर डोकावले तर हातात एक डबा.

"सात दिले होतेस ना?"

मी काही बोलायच्या आत टोपी डोक्यावर चढली होती. चेहरा पांढरा पडलेला. "मशीनवरचा दिवा," हे म्हणाले. "तो नंतर बसवलेला, अगदी छप्पर टेकतं त्या टोकाला. पोटावर सरपटत जावं लागतं. मी तिथे डबा ठेवला की नाही, मला आठवत नाही. अगं, तो दिवा दिवसभर चालू असतो."

बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अशा वेळी हे त्या माळ्यात शिरले तर काय होईल, ते माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. आणि त्याच्या मागे त्या अकरा फुकट फेऱ्या. मी हात पुसत अगदी सहज म्हणाले, "आठ दिले होते. एक जादा घातला होता, असू दे म्हणून."

"नक्की?"

"डबे मी करते की तुम्ही?"

हे दारात उभे राहिले. मग टोपी काढली आणि खुंटीला लावली. आत जाऊन पलंगावर आडवे झाले, आणि पाच मिनिटांत झोपले. बावीस वर्षांत हा माणूस दुपारी झोपलेला मी पाहिला नव्हता. तापातसुद्धा उठून बसायचा.

मी जिंकले, असं वाटायला हवं होतं. भांडी घासायला घेतली. एकच ताट दोनदा घासलं. मनात म्हटलं, सात दिवे, सात डबे, उरलं काय? काहीच उरायला नको. मग स्वतःलाच समजावलं की दोन डबे एकात एक बसले असतील, हातून आठ गेले असतील. पण पत्रेवाल्याची मुलगी आहे मी, डबे एकात एक बसत नाहीत हे मला ठाऊक आहे, सगळे एकाच मापाचे असतात. नळ बंद केला. शिवणबाईंना फोन लावला, वाजत राहिला. मशीन चालू असली की त्या फोन कपाटात ठेवतात. पुन्हा लावला. पडवीत गेले, आत आले. ह्यांच्या छातीवर नजर टाकली, श्वास संथ. पुन्हा पडवीत. सासूबाईंचा तो खिळा आता माझ्या बुडाखाली आला होता आणि ज्याचा होता तो घोरत होता.

डबा उचलला, ह्यांची टोपी घातली, स्कूटर काढली.

शिवणबाईंनी दार उघडलं तेव्हा गळ्यात मापाची पट्टी लोंबत होती. त्यांच्या मागे मशीन, मशीनच्या दोन्ही बाजूंना छातीपर्यंत कापडाचे गठ्ठे, आणि वर तो दिवा चालू. पलीकडच्या खोलीत म्हातारीचे पाय दिसत होते.

"आधी तो दिवा बंद करा," मी म्हणाले.

त्यांनी बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, काही नाही, एक डबा ठेवायचा राहिलाय बहुतेक.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "आईची खोली छान थंड झालीय हं, काल पहिल्यांदा पोटभर झोपली. पण कालपासून कसलासा वास येतोय बघा. मला वाटलं, इस्त्रीचा असेल."



दिवा बंद झाला, म्हणजे धोका टळला, अशी स्वतःची समजूत घालता आली असती. तिथूनच मागे फिरता आलं असतं, उरलेलं हे सकाळी पाचला येऊन करू शकले असते. पण मला बघितल्याशिवाय राहवेना. मी शिडी लावली. आयुष्यात पहिल्यांदा माळ्यात शिरले. छतातलं झाकण उघडलं आणि तोंडावर हवा आली ती हवा म्हणावी अशी नव्हतीच. गुडघ्यांवर, मग कोपरांवर, शेवटी पोटावर. चंदेरी कागद पाठीला घासत होता. सहा डबे ओळीने उभे दिसले, माझ्या हातचे. घाम डोळ्यांत जाऊन काही दिसेना तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस रोज सकाळी कुठे जातो. मी आजवर त्याला फक्त परत येताना पाहिला होता आणि परत आल्यावर पायांची धूळ झाडा म्हणून ओरडले होते.

टोकाला पोचले आणि भुग्यात हात घातला. वरचा भुगा राखाडी, मऊ. त्याखालचा तपकिरी. त्याखालचा चहाच्या चोथ्यासारखा काळा, हाताला चटका बसला आणि चिमटीत घेतला तर भुकटी झाला. ठिणगी नव्हती. मी हाताने सगळा उपसून बाजूला केला, पदरात भरला, डबा उभा केला, चार बोटं मोजली, पुन्हा मोजली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दोन दिवसांत एवढं झालं होतं. अजून चार दिवसांत काय झालं असतं, ते त्या कापडाच्या गठ्ठ्यांकडे बघून कुणीही सांगितलं असतं. आणि मी ह्यांना झोपवून आले होते.

खाली उतरून शिवणबाईंना पदरातलं काळं दाखवलं आणि सरळ सांगितलं की चूक आमची. त्या आईच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ तिथेच थांबल्या.

घरी आले तेव्हा हे तसेच झोपलेले, एक हात डोळ्यांवर. मी शेजारी बसून राहिले. उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला, तीनदा. पाच वाजता जाग आली. माझ्या तोंडाकडे बघितलं, काजळी लागलेल्या पदराकडे बघितलं, खुंटीवर टोपी नाही हे बघितलं. मी सगळं सांगितलं. आठ नव्हते, सातच होते, हेही सांगितलं.

मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

"डबा ठेवायचा मीच विसरलो," हे म्हणाले. मग रिकाम्या खुंटीकडे बघत, "तू म्हणालीस म्हणून झोपलो गं."

एवढंच. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अजून झोंबतं.

हे उठले, तोंडावर पाणी मारलं, आणि माझ्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली. ऊन उतरलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दहा कधीच वाजून गेले होते. तरी मी अडवलं नाही, स्कूटरच्या मागे बसले. शिवणबाईंकडे मशीन बंद होती. मी शिडी दोन्ही हातांनी धरली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच धरली, शिडी किती हलते ते मला माहीत नव्हतं.

वर सरपटण्याचा आवाज थांबला. मग आवाज आला, "नीट ठेवलायस गं. चार बोटं मोजली होतीस ना?"

"दोनदा मोजली," मी खालून म्हणाले. "तरी तुम्ही एकदा बघा."