धुवारीला मांडलेला पाट

आमच्या समुद्रपूरकडे धुक्याला धुवारी म्हणतात. तूर फुलावर असताना धुवारी पडली की फुलं गळतात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. धुवारी कशावर बसते, हे मात्र माहीत नव्हतं हवामानाच्या मशीनीला, आणि तिच्यावर विसंबलेल्या मला.

यंदाची तूर माझी नव्हती, बायकोची होती. बांधाकडची सहा तासं, सहा ओळी, तिनं पावसाळ्याच्या तोंडी वाकून हातानं टोबली आणि भादव्यात ती गेली. कपाशीचं काही होवो, त्या सहा तासांची डाळ घरात आली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

फुलोरा आला. मोबाईलवर रोज हवामानाचा निरोप यायचा. काही वर्षांमागं त्यातच सांगितलं होतं, थंडीत शेताच्या कडेला धूर करा. मी म्हटलं, थंडीला चालतो तर धुवारीलाही चालेल. सांजेला बांधावर ओला कचरा, कपाशीची जुनी पऱ्हाटी पेटवली. पाच दिवस. माझं पाहून आजूबाजूच्यांनीही पेटवली.

बायको असती तर तिनं ढीग लाथेनं विस्कटला असता. दरवर्षी यावरून आमचं वाजायचं.

"धूर काऊन करता? धुवारीले बसाले पाट मांडून देता तुम्ही. मंग ते उठतच नाई."

"तू कोन्या कालेजात शिकली वं?"

"तुमी शिकले त्याच!"

सहाव्या दिवसाचा निरोप होता, सकाळी आकाश स्वच्छ. सकाळी मला माझाच बांध दिसेना. दहा वाजले तरी धुवारी हलली नाही. हलली तेव्हा तुरीखाली पिवळा सडा पडला होता.

पुढच्या आठवड्यात हवामानाचे साहेब गावात सभेला आले. मी उभा राहिलो.

"साहेब, तुमची मशीन खोटं काऊन बोलते?"

"काकाजी, हवेतल्या ओलीला थेंब व्हायचं तर आधी कशावर तरी बसावं लागतं. धुळीवर, धुराच्या कणांवर. कण जास्त झाले की थेंब बारीक होतात, पुष्कळ होतात. धुकं दाट होतं, लवकर हटत नाही. आमची मशीन वारा, ओल, थंडी धरते. तुमच्या बांधावरचा धूर ती धरत नाही."

"मंग धूर करा म्हून कोनं सांगतलं?"

"ते कडाक्याच्या थंडीसाठी. धुवारीसाठी नाही."

"हे निरोपात कुठं होतं?"

लोक हसले. माझं डोकं मात्र तापलं. एवढा शिकलेला माणूस आज जे सांगत होता, ते ती चुलीपुढं बसून दरवर्षी सांगत होती. आणि मी तिला कालेज विचारत होतो.

"मशीनीत आमचा धूर टाका," मी म्हटलं.

"कोण, कुठं, किती पेटवतो, हे आम्हाला कोण सांगणार?"

"मी सांगतो. हे बसले ना, यायनं साऱ्यायनं पेटवलं. पयले मी पेटवलं. लिवा!"

साहेबानं खिशातला पेन काढला नाही.

तसाच शेतावर गेलो. शेवटच्या तासाला थोड्या कळ्या उरल्या होत्या. सांज झाली होती आणि शेजारी त्याच्या बांधावर ढीग पेटवत होता. मी जाऊन तो लाथेनं विस्कटला.

"पागल झाले काय काका? काय करून राह्यले?"

"पाट उचलून राह्यलो," मी म्हटलं, आणि उरलेल्या निखाऱ्यांवर माती लोटली.