केराबाईनं बुजवलेला खड्डा

केराबाई कुणाच्या घरी गेली की आधी जमिनीकडं बघायची, मग माणसांकडं. सारवण उखडलेलं दिसलं की तिचा जीव खालीवर व्हायचा. सांगोल्याकडच्या धनगराची लेक, नवऱ्याला गिरणीत काम लागलं म्हणून सोलापुरात आली आणि आमच्या गल्लीतली एकही ओसरी तिच्या तावडीतून सुटली नाही. एकदा केलेलं काम तिनं कधी पुन्हा केलं नव्हतं, आणि कुणाची माफीही कधी मागितली नव्हती. या दोन्ही गोष्टी ती न विचारता सांगायची.

इंग्रजांनी शहरावर लादलेला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढल्या वर्षी स्वातीचा पाऊस असा कोसळला की नाल्याचं पाणी विणकरांच्या आळीत शिरलं. माणसं देवळात जाऊन बसली. मल्लय्या विणकर आला तो भांडीकुंडी सोडून, डोक्यावर अर्धं विणलेलं लुगडं उभ्या धाग्यांसकट गुंडाळून घेऊन. लेकीचं, राजम्माचं लग्न बारा दिवसांवर होतं, आणि त्यांच्या घरात नवरीचं लुगडं बापानंच विणायचं असतं.

पाणी ओसरल्यावर आमच्या तालमीतली पोरं घरं साफ करायला निघाली. केराबाई न बोलावता सगळ्यांच्या पुढं. मल्लय्याचं घर तिनं एकटीनं घेतलं आणि पाट्या वाहायला मला धरलं. आत मात्र येऊ दिलं नाही, माझे पाय चिखलाचे होते म्हणे.

"आत पाण्यानं लई पोखरलंय," ती दारातून म्हणाली. "मुरूम आण."

मी आणला. वीस खेपा केल्या. एवढा मुरूम जातो कुठं, हे विचारायची माझी छाती झाली नाही, आणि ते मला आजही लागतं. कारण हातमागाला जमिनीत खड्डा लागतो, विणकर काठावर बसून पाय आत सोडतो आणि पावड्या दाबतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. केराबाईचा नवराही मागावरच होता, पण गिरणीतला माग जमिनीवर उभा असतो. घरात भिंतीलगत कमरेएवढा खड्डा दिसल्यावर तिनं जे करायचं ते केलं.

चौथ्या दिवशी मल्लय्या मागाची लाकडं खांद्यावर घेऊन आला. जमीन लख्ख सारवलेली, भिंतीलगत रांगोळी. तो बाहेर गेला, घर आपलंच आहे ना ते बघितलं आणि परत आत आला.

"अक्का, माझा खड्डा?"

"बुजवला की. त्यात काय एवढं."

मल्लय्या रांगोळीशेजारी मटकन बसला. "खड्डा नाही तर माग नाही, अक्का. माग नाही तर लुगडं नाही. आठ दिवस राहिले."

एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण केराबाईचा चेहरा बघितला आणि मला गलबलून आलं. तिनं कुदळ उचलली आणि पहिला घाव स्वतःच्या रांगोळीवर घातला.

दुपारपर्यंत खड्डा झाला, तरी तिचं समाधान होईना. "दादा, हितं बसा. पाय सोडा आत," असं म्हणून ती मल्लय्याला दर घटकेला बसवायची, त्याचे तळवे कुठं टेकतात ते वाकून बघायची आणि त्याला उठवून पुन्हा भर घालायची. जुना खड्डा मल्लय्याच्या बापानं स्वतःच्या लांब टांगांच्या मापानं खणला होता. बुटका मल्लय्या तीस वर्षं चवड्यांवर पावड्या दाबत आला होता. संध्याकाळी त्याचे दोन्ही तळवे पहिल्यांदाच पुरते टेकले. त्यानं चार वेळा पावड्या दाबून बघितल्या आणि मग कितीतरी वेळ तो उठलाच नाही.

लुगडं लग्नाच्या आदल्या दिवशी मागावरून उतरलं. अर्ध्यापासून पुढं त्याची वीण घट्ट झालेली मलासुद्धा दिसली.

लग्नात केराबाई बायकांत बसून जिला तिला नवरीचा पदर दाखवत होती. "हितनं पुढं बघा. हे माझ्या खड्ड्यातलं हाय."

एक बाई म्हणाली, "पण बुजवला तुमीच होता न्हवं?"

"व्हय," केराबाई म्हणाली आणि तिनं हातातला पदर सोडला. "चुकलं माझं."

राजम्मानं ते ऐकलं. तिनं पदराचं टोक उचललं आणि केराबाईच्या मांडीवर ठेवलं.