गोठ्यातल्या बाईचे हात

काल फोटो स्टुडिओत माझ्या आधी एक म्हातारी फोटोला बसली होती. "आजी, जरा हसा की!" फोटोग्राफर दोनदा म्हणाला. ती हसली, पण ओठांपुरतीच. मला एकदम लेनिनग्राडमधल्या माझ्या चित्रकलेच्या बाई आठवल्या, वेरा निकोलायेव्ना.

सोव्हिएत काळात त्या व्यक्तिचित्रं करायच्या. शिकत असताना त्यांना वर्षभर नुसते हात काढायला लावले होते. कंटाळून त्या रडल्यासुद्धा होत्या. पुढे पहिलं सरकारी काम मिळालं, सामूहिक शेतावर गाई सांभाळणाऱ्या एका बाईचं चित्र. बाई थकलेली होती, तशीच त्यांनी रंगवली. तपासणी समिती म्हणाली, "कष्टकरी स्त्री आनंदी दिसली पाहिजे." ऐकलं नसतं तर पुन्हा काम मिळालं नसतं. त्यांनी ओठ बदलले. गार पाण्यानं सुजलेले, भेगाळलेले हात मात्र होते तसेच ठेवले.

"मी भित्री होते गं," त्या मला म्हणाल्या, "पण खोटे हात मला येतच नव्हते. तसं शिकवलंच नव्हतं कुणी."

माझी कितीतरी गोड गोड चित्रं त्यांनी मला पुसायला लावली. तेव्हा राग यायचा. आज आभार मानावेसे वाटतात, तर त्या नाहीत.

ते चित्र प्रदर्शनात लागलं तेव्हा ती गोठ्यातली बाई मुद्दाम गावाहून आली होती, असं त्या सांगायच्या. हसऱ्या चेहऱ्याकडे तिनं नुसतं पाहिलं. मग चित्रातल्या हातांपाशी वाकून ती म्हणाली, "या माझ्याच भेगा. कुणीतरी पाहिल्या म्हणायचं."