अप्पांच्या त्रेसष्ट बागांचे रस्ते

"पुसायचं नाही म्हणजे नाही," अप्पा म्हणाले आणि जुन्या गाडीची किल्ली त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

दुपारचे तीन वाजले होते. अप्पा ती देऊन नवी घेत होते, आणि पाच वाजता ती न्यायला जुन्या गाड्यांचा डीलर येणार होता. एक्स्चेंजमध्ये आलेल्या गाडीच्या स्क्रीनमधली सगळी माहिती पुसायची आणि मगच गाडी बाहेर सोडायची, हा आमच्या शोरूमचा नियम. पुसायचं काम माझं.

मी कोथरूडच्या एका कार शोरूममध्ये इन्फोटेन्मेंट बघतो. म्हणजे गाडीतला स्क्रीन आणि त्यात जे काही असतं ते: गाणी, फोन, नकाशा. मूळ गाव वाशीम जिल्ह्यात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि इंजिनिअरही पहिलाच. वडील गावात सांगतात, "पोरगा गाडीचं डोकं दुरुस्त करतो." मी ते खोडत नाही. त्यात चूक काय आहे?

अप्पा मार्केट यार्डातले अंजिराचे व्यापारी. स्वतः बागेत जाऊन झाडं बघतात आणि पसंत पडली की अख्ख्या बागेचा माल उक्ता घेतात. पुरंदरकडच्या त्या बागांना पत्ता नसतो. कुठे ओढा ओलांडायचा, कुठे विहिरीपाशी वळायचं, असा सगळा हिशेब. त्यांचा जुना ड्रायव्हर काम सोडून गावी गेला होता. नवा विश्रांतवाडीचा. त्याला सासवडच्या पुढचं जग ठाऊक नव्हतं. आणि परवापासून हंगाम सुरू.

"अप्पा, तुम्हाला तर रस्ते पाठ असतील ना?"

"मी मागं बसतो अन् फोनवर बोलत असतो. रस्ता बघायला ड्रायव्हर ठेवलाय ना?"

म्हणजे रस्ते माहीत होते ते फक्त जुन्या गाडीला. नेव्हिगेशन आपण कुठे कुठे गेलो ते लक्षात ठेवतं. त्याला ट्रॅव्हल हिस्टरी म्हणतात. अप्पांनी किल्ली न सोडता स्वतःच गाडी चालू केली, मी हिस्टरी उघडून मोजलं. सासवडच्या पुढे त्रेसष्ट ठिकाणं निघाली, सगळ्या बागाच, आणि एकीलाही नाव दिलेलं नव्हतं.

ही हिस्टरी एका गाडीतून दुसरीत थेट जात नाही. मध्ये फोन लागतो. जुनी गाडी कंपनीच्या ॲपला माहिती देते, ॲप ती नव्या गाडीला देतं. दहा मिनिटांचं काम.

"फोन द्या अप्पा."

अप्पांनी बटणांचा फोन पुढे केला.

"अहो, माझ्यावर घ्या की!" बाजूने आवाज आला. हा सोपान, अप्पांचा चुलतभाऊ. यार्डात त्याचा गाळा अप्पांच्या शेजारीच, धंदाही अंजिराचाच. गाडीच्या पूजेला म्हणून आला होता.

"सोपान, तू तिकडं पेढे आलेत का बघ," अप्पा म्हणाले. तो चार पावलं लांब गेल्यावर माझ्या कानाशी आले. "त्याच्या फोनात गेलं, की उद्या पहाटे तो माझ्याआधी बागंत. तुझाच फोन घे."

आमच्या मॅनेजर देशमुख मॅडम मागेच उभ्या होत्या. "ग्राहकाची माहिती आपल्या फोनमध्ये? नोकरीचा कंटाळा आलाय का?"

मग मला सुचलं. शोरूमचा डेमो फोन असतो, तो रोज संध्याकाळी कोरा करतात. ॲप त्यावर चालवायचं, खातं अप्पांच्या नंबरवर उघडायचं. ओटीपी काय, बटणांच्या फोनवरही येतो. आला. अप्पांनी चष्मा वर करून आकडे वाचले. ते खूश, मीही खूश. इंजिनिअर उगाच झालो नाही, असं मनात म्हणत मी ट्रान्सफर दाबलं.

स्क्रीनवर उत्तर आलं: जुन्या प्रोफाइलच्या मालकाला ओटीपी पाठवला आहे.

आणि पेढ्यांच्या टेबलापाशी सोपानचा फोन वाजला.

मी प्रोफाइल उघडून पाहिलं. सहा वर्षांपूर्वी ही गाडी घेतली, तेव्हा सेटिंग करायला अप्पांनी सोपानलाच बसवलं होतं. त्याने आपला नंबर टाकला, तो तसाच राहिला. सहा वर्षं अप्पांची प्रत्येक बाग सोपानच्या खात्यात जमा होत होती.

"तुला ठाऊक होतं?" अप्पांनी विचारलं.

"दर महिन्याला मेसेज यायचा. गाडी इतकी चालली, अमुक ठिकाणी थांबली."

"मग गेला असशील!"

"गेलो की. पहिल्या वर्षी तीन बागांत." सोपानने पेढा तोंडात टाकला. "तिन्हीकडं चहा मिळाला. माल नाय मिळाला. म्हणाले, अप्पा येऊन झाडं बघत्यात, मग आमी देतो. तवापासून मेसेज वाचायचं सोडलं. आता ओटीपी सांगू, का अजून पेढे बघू?"

अप्पांनी पेढ्यांचा डबा त्याच्यापासून लांब सरकवला. मग हळूच म्हणाले, "सांग बाबा."

सोपानने सहा आकडे सांगितले. सात मिनिटांत त्रेसष्ट ठिपके नव्या गाडीच्या नकाशावर आले. नव्या ड्रायव्हरने एकावर बोट ठेवलं आणि गाडी रस्ता सांगायला लागली. तेव्हा कुठे अप्पांनी किल्ली माझ्या हातात दिली.

एक काम उरलं होतं. मी विचारलं, "अप्पा, सोपानभाऊंच्या खात्यातली हिस्टरी ठेवायची का काढायची?"

अप्पांनी भावाकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझा विश्वास हाय त्याच्यावर," ते म्हणाले. "काढ."

सगळ्यात मोठ्याने सोपानच हसला. डिलीटचं बटण त्यानेच दाबलं. पावणेपाचला मी जुनी गाडी कोरी केली, पाचला डीलर घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी डिलिव्हरीच्या चेकलिस्टमध्ये मी एक ओळ वाढवली: गाडीत नंबर मालकाचाच टाकावा, हौशी नातेवाइकाचा नाही. मॅडमनी 'हौशी' खोडलं. बाकी ओळ अजून आहे.