वेदीपाशी ठेवलेली कोंबडी

सुगीच्या सणाला (नव्या पिकातलं पहिलं देवाला वाहण्याचा आमच्या ख्रिस्ती मंडळीतला दिवस) मी रांगेत उभी होते. हातात पाय बांधलेली गावठी कोंबडी, खांद्याला बाजरीची पिशवी. पाळकसाहेब शास्त्र वाचत होते. अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग येऊन अर्पण करा, असं प्रभूनं सांगितलं आहे. हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण ऐकताना हातात कोंबडी कधी नव्हती.

मी चौथी शिकलेली. लिहिलं आहे तेवढंच मला कळतं. तिथंच ठेवा असं लिहिलं होतं, मी ठेवली. पिशवीही ठेवली आणि दाराकडे वळले.

पाळकसाहेब म्हणाले, "रिबेकाबाई, कुठं निघालात?"

"सिल्वासाला."

लोक हसले. उपासनेनंतर अर्पणाचा लिलाव होतो, म्हणून मी म्हटलं, "कोंबडी लिलावात काढू नका. ती अजून दिलेली नाही."

सिल्वासाला माझी धाकटी बहीण मनोरमा राहते. आमची आई वारली तेव्हा मनू तिथून निघाली होती, रस्त्यात होती. ती पोहोचायच्या आधी मी पेटीचं झाकण लावायला लावलं आणि माती देऊन टाकली. मनू आली ती सरळ कबरीवर. त्याला नऊ वर्षं झाली. ऊन फार होतं, थांबता येत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. मनूनं ते ऐकून घेतलं आणि बोलणं बंद केलं. मला जाऊन तिला खरं सांगायचं होतं. जायचं मन नव्हतं, हेही लिहून ठेवते.

सोमवारी संगमनेरहून नाशिक आणि नाशिकहून पेठमार्गे वापीची एसटी धरली. कंडक्टरनं आधारकार्ड पाहिलं.

"आजी, शहात्तर म्हणजे तुम्हाला फुकट. पण हद्दीपर्यंतच. पुढं तिकीट पडेल."

"देवाच्या कामाला चालले आहे रे."

"देवालाही हद्दीपर्यंतच फुकट आहे."

तिकीट काढलं. पेठच्या पुढं घाट लागतो. सागाची पानं तांबूस झाली होती, उतारावरची नागली कापून झाली होती, बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन कडेनं चालत होत्या. एका वळणावर शेजारची बाई माझ्या पायावर ओकली. ती माफी मागत होती. मी म्हटलं, पाणी दे, धुते. पुढं रस्त्यावरच्या पाट्यांवर अक्षरांच्या डोक्यावरची रेघ नाहीशी झाली, तेव्हा कळलं की गुजरात आलं.

वापीला उतरले तेव्हा मंगळवार उजाडला होता असं समजू नका, सोमवारची दुपारच होती, पण अंग दोन दिवसांसारखं आंबलं होतं. मंडळीतल्या ओळखीच्या एका नर्सकडे मुक्काम केला आणि सकाळी सिल्वासाची शेअर रिक्षा पकडली.

रिक्षावाला म्हणाला, "माजी, क्यां जवानुं?"

"टोकरखाडा," मी मनूच्या वस्तीचं नाव सांगितलं.

"मराठी का? मग मराठीत बोला ना, मी नंदुरबारचाच."

रस्त्याला दोन्ही बाजूंनी कारखाने. धाग्याचे, प्लास्टिकचे, कसले कसले. आणि हद्द ओलांडल्याबरोबर दारूची दुकानं. गुजरातेत दारूबंदी आहे आणि इथं नाही, म्हणून ती हद्दीला चिकटून बसली आहेत. गाव मात्र वाटलं होतं त्यापेक्षा हिरवं निघालं. झाडं भरपूर, रस्ते रुंद, पाट्या तीन-तीन लिप्यांत. रिक्षावाल्यानं मला एक चौक आधीच उतरवलं आणि मी कपड्यांची पिशवी घेऊन अर्धा तास सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या इमारतींत फिरले.

दार मनूच्या सुनेनं उघडलं. प्रीती तिचं नाव, माहेर धुळ्याकडचं. मला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

"कोण पाहिजे?"

"मनोरमा."

"आई राखोलीला गेल्या, खानावळीत. तुम्ही?"

"तिची बहीण."

ती दार धरून उभी राहिली. मग म्हणाली, "अक्कामावशी? घरात फोटो आहे तुमचा. म्हणजे खांदा आहे फक्त. बाकीचा आईंनी कापला."

आत जाऊन पाहिला. आमची आई मध्ये बसलेली, मनू एका बाजूला, दुसऱ्या बाजूला माझा निळ्या पोलक्याचा खांदा. तोही कापला असता तर आईचा हात गेला असता, म्हणून राहिला असावा.

प्रीतीनं चहा दिला. म्हणाली, "मावशी, तुम्ही इथंच थांबा. त्या संध्याकाळी येतीनच. तिथं कामाच्या टाइमाला गेलात तर भडकतील."

"भडकू दे," म्हटलं आणि राखोलीची रिक्षा केली.

राखोली दमणगंगेच्या काठी आहे. पुलावरून नदी चांगली रुंद दिसते, पाणी संथ, आणि काठावर शेडच शेड. खानावळ एका शेडच्या मागच्या अंगाला, पत्र्याची. जेवणाची सुट्टी झाली होती. खाकी, निळे, नुसत्या बनियनवरचे कामगार ताटं घेऊन रांगेत उभे होते. मीही रांगेत उभी राहिले. कोंबडीनंतरची ही माझी दुसरी रांग.

मनू वाढत होती. केस सगळे पांढरे झालेले, हात मात्र तसाच, डावानं झटक्यात वाढणारा. माझा नंबर आला. तिनं वर पाहिलं. हातातली चपाती तशीच राहिली.

"दोन की तीन?" ती म्हणाली.

"दोन."

तिनं दोन चपात्या टाकल्या, वालाची उसळ टाकली, भात टाकला. "पुढं सरक. मागं लोक आहेत."

उसळ चांगली होती. मीठ जरा जास्त. मागून एकानं विचारलं, "मावशी, ही आजी कोन? नवीन भरती का?" मनू म्हणाली, "भरती नाही, तपासणीला आली आहे. गप जेव."

सुट्टी संपली, माणसं गेली. मनूनं माझ्यापुढं पापडीच्या शेंगांची पाटी आदळली. तिच्या खानावळीत रिकामं कोणी बसत नाही, हे मला लगेच कळलं. समोर ती बसली आणि आम्ही दोघी शेंगा निवडायला लागलो.

"कशाला आलीस?"

"आईच्या मातीच्या दिवशी बर्फ मिळत होता. संगमनेरचा बर्फवाला लाद्या पाठवतो म्हणाला होता. मी नको म्हटलं."

"माहीत आहे."

माझा हात थांबला.

"एसटी स्टँडवर त्यानंच सांगितलं होतं मला," मनू म्हणाली. "गाडीतून उतरले तर म्हणतो, ताई, मी लाद्या काढून ठेवल्या होत्या, तुमच्या बहिणीनं नको म्हटलं. मग मी कबरीवर आले आणि तू मला ऊन सांगितलंस. नऊ वर्षं वाट पाहिली, बघू म्हटलं कधी बोलते." तिनं एक किडकी शेंग फेकली. "झालं? आता जा."

"झालं नाही. का नको म्हटलं ते ऐक."

"मला नाही ऐकायचं."

"तीन वर्षं मी आईचं हगणं-मुतणं काढलं. तू वर्षातून एकदा येऊन साडी देऊन जायचीस. शेवटचे दोन दिवस ती बोलत होती, मला ओळखत नव्हती, आणि नाव तुझं घेत होती. मनू आली का, मनूला बसायला द्या, मनूला जेवायला वाढा. सारखं. मी पाणी पाजलं तर म्हणाली, मनूच्या हातचं आहे का? मला राग आला. तो राग मी पेटीवर काढला."

शेगडीवर पाणी तापत होतं, ते उकळून सांडायला लागलं. मनू उठली, गॅस बंद केला, नळावर जाऊन हात धुतले. बराच वेळ धुतले. मग पाठमोरीच म्हणाली, "हे तू नऊ वर्षं पोटात ठेवलंस?"

"हो."

"बर्फाचं मी सोडलं असतं अक्का. आई माझं नाव घेत होती, हे तू मला द्यायला पाहिजे होतंस."

"म्हणून आले."

"माफ कर म्हणायला शिकवलं नाही का कोणी?"

"माफ कर, मने."

"शेंगा राहिल्यात," ती म्हणाली.

संध्याकाळी तिच्याबरोबर टोकरखाड्याला आले. मुलगा विजय दुसऱ्या पाळीला गेला होता. नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. जेवण झाल्यावर तिघी प्रार्थनेला बसलो. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सगळे बरोबर म्हणतात, आमच्या आईच्या घरी तशीच रीत होती. आम्ही जशी इतरांना क्षमा केली तशी आम्हाला कर, अशी जी ओळ त्यात येते, तिथं मनू गप्प झाली. प्रीती आणि मी म्हणत राहिलो. पुढच्या ओळीला मनूचा आवाज पुन्हा आला.

प्रीती भांडी उचलताना मला हळूच म्हणाली, "त्या ओळीला आई कायम थांबतात. लग्न करून आले तेव्हा मला वाटायचं, विसरतात."

मनूनं ऐकलं. "विसरत नाही. देवासमोर रोज खोटं बोलू का? केलेली नाही तर केली कशी म्हणू?"

नऊ वर्षं मी ती ओळ मोठ्यानं म्हणत होते, शिवाय प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायलाही पुढं होत होते.

सकाळी मला वापीपर्यंत सोडायला मनू आली. निघताना तिनं माझ्या पिशवीत जंगलातल्या मधाची बाटली ठेवली होती. या भागात दारूच्या रिकाम्या बाटल्या उदंड, म्हणून आदिवासी बायका मध त्यातच भरून विकतात. हद्दीवर पोलिसानं रिक्षा थांबवली, माझी पिशवी उपसली आणि बाटली वर धरली. लेबलही काढलेलं नव्हतं.

"माजी, इस उमर में?"

"मध आहे."

"सब यही बोलते हैं."

"उघडून चाट."

त्यानं उघडली, वास घेतला, बोट बुडवून चाटलं, पुन्हा एकदा चाटलं. रिक्षातली माणसं हसत होती. मनूही हसली, तोंडाला पदर लावून. मी हसले नाही, माझी लुगडी रस्त्यावर पडली होती.

वापीच्या अलीकडे रस्त्याकडेला उंबाडियूं (मडक्यात पापडी आणि कंद भरून, ते उलटं ठेवून वरून जाळ करून भाजतात) मिळत होतं. पळसाच्या पानावर घेतलं, हिरव्या चटणीबरोबर. धुराचा वास लागलेला कंद मला आवडला. मनूनं चटणी जास्त मागितली.

एसटी लागली तेव्हा ती म्हणाली, "मी ती ओळ म्हणायला लागेन असं समजू नकोस."

"मन होईल तेव्हा म्हण."

"तुझं मन होतं का इथं यायचं?"

"नाही."

"मग मला मनाचं सांगू नकोस," ती म्हणाली आणि माझी पिशवी खिडकीतून आत ढकलली.

गावी आले. पाळकसाहेबांनी विचारलं, "समेट झाला का?"

"मी जाऊन आले. झाला का ते माहीत नाही."

"तुम्ही गेलात, सांगितलंत. तुमच्याकडून झालं. आता अर्पण करायला हरकत नाही."

"आधी समेट, मग अर्पण, असं तुम्हीच वाचलंत. मला ते अर्धंच करता येत नाही." ते हसले, पण मी कोंबडी दिली नाही आणि प्रभुभोजनालाही पुढं गेले नाही. मागच्या बाकावर बसले. लोक वळून बघत होते. कोंबडी तोवर बाजरीच्या पिशवीसकट पाळकसाहेबांच्या बायकोकडे होती. तिथं ती अंडी घालायला लागली आणि मग खुडूक होऊन टोपलीत अंडी उबवत बसली.

लोक विचारतात, सिल्वासाला काय पाहिलं? कारखाने, नदी आणि एक खानावळ पाहिली. विश्वास म्हणजे मनात काहीतरी उबदार वाटणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि तसं वाटलं की जाईन म्हणून थांबले होते. ते वाटलंच नाही. जातानाही नाही, येतानाही नाही. सांगितलं होतं म्हणून गेले, आणि नसते गेले तर बाकीची माझी सगळी भक्ती खोटी ठरली असती.

पाचव्या आठवड्यात रविवारी सकाळी फोन आला.

"अक्का, काल म्हटली."

"काय?"

"ओळ."

"मन झालं?"

"नाही. तरी म्हटली. प्रीती रडली, मूर्ख आहे ती." आणि तिनं फोन ठेवला.

मी पाळकसाहेबांच्या घरी गेले. कोंबडीनं माझ्या हाताला चोच मारली, रक्त आलं. टोपलीसकट उचलली, बाजरीची पिशवी खांद्याला लावली आणि दोन्ही उपासनेला नेऊन वेदीपाशी ठेवलं, त्याच जागी. या वेळी कोंबडीचे पाय बांधावे लागले नाहीत. ती अंड्यांवरून हलायला तयार नव्हती.