क्लू आणि रक्तचंदनाची राणी

सर्वपित्री अमावास्येला आमच्या तंजावुरातल्या घरी कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या, बाहुल्यांची पेटी माळ्यावरून उतरते. पायऱ्यांवर सर्वांत आधी ठेवायची ती मरपाच्ची, म्हणजे रक्तचंदनाच्या लाकडातली राजा-राणीची जोडी. आमची जोडी बायकोला तिच्या आईने लग्नात दिलेली. ती मांडल्याशिवाय बायको दुसऱ्या बाहुलीला हात लावत नाही. गेल्या वर्षी पेटीतून राजा निघाला, राणी नाही.

"उन्हाळ्यात माळा कोणी झाडला?" बायकोने विचारले.

"मी."

"भंगारवाल्याला पोतं कोणी दिलं?"

"मीच. त्यात दोन पंखे होते, एक मिक्सर होता..."

"आणि माझी राणी!"

माझी नोकरी ऑडिटची. सवयीने मी विचारले, "पुरावा काय?" हे विचारायला नको होते. ती स्वयंपाकघरात गेली, पातेली आपटू लागली, आणि राणी मिळाली नाही तर यंदा कोलू नाही, असे तिथूनच जाहीर झाले.

आमची मुलगी कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती पेटीपाशीच बसली होती.

"अप्पा, पुरावा राहू द्या. आधी क्लू शोधा."

"दोन्ही एकच ना?"

"छे! क्लू म्हणजे मुळात सुताचा गुंडा. ग्रीकांची जुनी गोष्ट आहे. एक वीर भुलभुलैयात शिरला तो गुंडा उलगडत, आणि तेच सूत धरून परत बाहेर आला. त्यावरून पुढे वाट दाखवणाऱ्या कुठल्याही खुणेला क्लू म्हणायला लागले."

मला गंमत वाटली. चोरीचे धागेदोरे सापडले असे आपण म्हणतोच. तिकडच्या लोकांनाही सूतच सुचले. मात्र पुराव्याने वाद मिटतो, सुताने फक्त पुढचे पाऊल कळते.

"मग टोक कुठे आहे त्याचं?"

तिने पेटीच्या तळातून कापड काढले. राणीला गुंडाळायचा जुन्या वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, तुकडा, नीट घडी घातलेला.

"भंगारवाला घडी घालून ठेवेल का?"

म्हणजे राणीला कोणीतरी सावकाश, मुद्दाम बाहेर काढले होते. मरपाच्ची अवेळी कशाला बाहेर काढतात, हे तंजावुरात घरोघरी ठाऊक आहे. बाळाला घामोळे आले की ती उगाळून लेप लावतात. मी देवघरातली सहाण पाहिली. पिवळ्या चंदनाखाली, खाचांत, लाल रंग बसला होता.

सहाण घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. खाचांतला लाल रंग तिच्यापुढे धरला. पातेल्यांचा आवाज थांबला.

"अय्यय्यो! धाकटीचं बाळ!"

मे महिन्यात तिची धाकटी बहीण बाळाला घेऊन आमच्याकडे राहिली होती. लगेच तिरुवैयारूला बहिणीच्या घरी फोन लागला, घाईत स्पीकरवरच.

"अगं अक्का, निघताना तूच पिशवीत घातलीस ना! घामोळं जाईपर्यंत राहू दे म्हणालीस. भावोजींवर तर नाही ना ढकललंस?"

बायकोने स्पीकर बंद केला.

संध्याकाळी मेहुणी स्कूटरवरून राणीला घेऊन आली. उगाळून उगाळून राणीचे पाय एका बाजूने झिजले होते, त्यामुळे ती राजाच्या अंगावर रेलत होती. बायकोने खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून तिला सरळ उभे केले, आणि मग बाकीच्या बाहुल्या भराभर कापडांतून सुटू लागल्या.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावर सुंडलची, म्हणजे हरभऱ्याच्या कोरड्या उसळीची, पहिली वाटी माझ्या हातात आली, खोबरे जरा जास्तच घातलेली. बायको लगेच पुढच्या वाट्या भरू लागली.

"ही माफी समजायची का?" मी मुलीला हळूच विचारले.

"पुरावा नाही, अप्पा," ती म्हणाली. "पण क्लू चांगला आहे."