बाफोच्या चार खिडक्या
कुमासी शहरात, आसाफोच्या चढावर, सेर्वामावशीच्या छापखान्यात एबेनेझर बाफो नावाचा एक महाशहाणा कामाला होता. तो महाशहाणा आहे असं त्याचं स्वतःचंच मत होतं, दुसऱ्या कुणाला ते अजून पटलेलं नव्हतं. छापखान्यात मेलेल्यांच्या पुस्तिका व्हायच्या. माणूस गेला की त्याचा फोटो, जीवनचरित्र, भजनं, बायकोची श्रद्धांजली, मुलांची, भाच्यांची, असं सगळं चोवीस पानांत बसवायचं आणि शनिवारी अंत्यविधीला वाटायचं. जिवंतपणी माणूस कसा वागला हे आमच्याकडे कुणी विचारत नाही, पुस्तिकेचा कागद गुळगुळीत आहे का ते मात्र सगळे बघतात.

माउसला हात लावणं बाफोला कमीपणाचं वाटे. काळ्या पडद्यावर त्याचा नुसत्या टाइप केलेल्या हुकुमांवर चालणारा, मजकूर लिहायचा एडिटर उघडा, त्यात चार खिडक्या आणि दर खिडकीत एक मयत. मावशी बिचारी एक मयत उघडायची, पुरं करायची, बंद करायची आणि मगच दुसऱ्याला हात घालायची. बाफो हे बघून नाकाने कांदे सोलायचा.

त्या एडिटरची एक खोड होती. तुम्ही ज्या फोल्डरात उभे असाल त्यातूनच तो फाइल उचलतो. प्रत्येक खिडकीला तिचा फोल्डर बांधून देता येतो, पण त्यासाठी हुकुमात एक अक्षर जास्त टाइप करावं लागतं. ते गाळलं तर एका खिडकीत फोल्डर बदलताच न बांधलेल्या बाकीच्या खिडक्याही मुकाट्याने तिच्यामागे निघतात. बाफो ते अक्षर कधीच टाइप करत नसे. वर प्रत्येक मयताच्या फोल्डरात फाइलींची नावं तीच: फोटो, चरित्र, भाचा.

मावशीने एकदा विचारलंच, "तीन अक्षरं दाबली की तो आपण कुठे उभे आहोत ते सांगतो ना? तूच म्हणाला होतास. मग विचारत का नाहीस?"

"मावशी, रस्ता नवख्याने विचारायचा," बाफो म्हणाला.

आणि अशातच त्याचा मामा वारला. आदू ब्रेम्पाँग, कोकोच्या गोदामावरचा जुना कारकून, ताफोतल्या दुमजली घराचा मालक. आमच्यात मामाच्या मागे भाचा बसतो, पोरगा नाही. भाचे दोन: बाफो आणि त्याचा धाकटा भाऊ न्सिया, जो सुआमेला गाड्यांचे सुटे भाग विकतो आणि ज्याला साधा ईमेलही दुसऱ्याकडून पाठवून घ्यावा लागतो. रविवारी घरातली वडीलधारी मंडळी बसणार आणि वारस ठरवणार होती. बाफोने मनातल्या मनात वरच्या मजल्याला रंगसुद्धा देऊन टाकला होता.

पुस्तिका अर्थातच त्याच्याकडे आली. 'भाच्यांची श्रद्धांजली' त्याने दोनदा लिहिली. पहिल्यांदा लिहिली ती मामा गेल्याच्या संध्याकाळी, स्वतःच्या फोल्डरात, नुसती मनातली मळमळ बाहेर काढायला. दुसरी लिहिली मामाच्या फोल्डरात, मधात घोळून. दोन्हींचं नाव एकच, 'भाचा'.

गुरुवारी दुपारी उजव्या खिडकीत तो एका मुख्याध्यापिकेची पुस्तिका लावत होता. तिला एक भजन हवं होतं, ते त्याच्या स्वतःच्या फोल्डरात पडलेलं. त्याने फोल्डर बदलला, भजन उचललं, डाव्या खिडकीत मामाकडे आला, पान नऊवर 'भाचा' मागवला आणि सरळ छपाईला पाठवून दिलं. घरच्यांना कच्ची प्रत दाखवली नाही. बाफोचं लिखाण तपासणारा कुमासीत कोण जन्माला आला होता?

शनिवारी मंडप शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांनी भरला. पाचशे लोकांच्या हातात पाचशे पुस्तिका. भाच्यांचं नाव पुकारल्यावर बाफो ऐटीत माइकपाशी गेला आणि पान नऊ उघडलं. तिथे छापलं होतं: 'मामा माझ्या शाळेच्या फीला कधी दिसला नाही, माझ्या लग्नात मात्र पहिल्या रांगेत बसून बकऱ्याचा रस्सा तीनदा मागून घेतला. मामीला त्याने चाळीस वर्षं घरात वागवलं, पण घराची किल्ली काही दिली नाही. आणि आमचे कुटुंबप्रमुख नाना ओपोंग म्हणजे ह्याचाच थोरला नमुना, फक्त हातात काठी आहे म्हणून लोक उठून उभे राहतात.'

पुस्तिका मिटून त्याने गोड मजकूर आठवेल तसा म्हणायला सुरुवात केली. प्रेमळ मामा, दानशूर मामा, अनाथांचा आधार मामा. पण मंडपात वर बघायला कुणी तयारच नव्हतं. पाचशे माना पान नऊवर वाकलेल्या, आणि तो 'दानशूर' म्हणाला तेव्हा मागच्या रांगा रश्श्यापर्यंत पोचल्या होत्या. विधवा मामी लाल पदरात तोंड खुपसून हलत होती. रडतेय म्हणून दोघी तिला धरायला धावल्या, आणि जवळ जाऊन त्याही हसायला लागल्या. नाना ओपोंगनी मात्र चष्मा पुसला, पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि काठी मांडीवर आडवी ठेवली.

रविवारी बैठक फार चालली नाही. बाफो फोल्डरांची हकीकत सांगायला लागला, चूक खिडकीची होती म्हणाला. नानांनी हाताने थांबवलं.

"बाळ, खिडकी कुठली का असेना, लिहिलं कुणी?"

घर न्सियाला गेलं.

न्सियाने पहिलं काम केलं ते म्हणजे ताफोच्या घराची किल्ली मामीच्या हातात दिली. पान नऊ त्यानेही वाचलं होतं.

सोमवारी मावशीने बाफोपुढे चिठ्ठी ठेवली. मामीला मामाच्या आणखी शंभर पुस्तिका हव्या होत्या, नातेवाइकांना पाठवायला. खाली मामीने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं की पान नऊमधला एक शब्दही बदलायचा नाही.

बाफोने खिडकी उघडली. ह्या वेळी आधी आपण कुठे उभे आहोत ते विचारलं, मग पान नऊ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तपासलं. एकही चूक नव्हती.